काळी कळी

"त्या बंद बागेत परी राहते म्हणे! अवघड अवघड इंग्रजी शब्द देते. पण घेणाऱ्याच्या घरातलं…" बोलता बोलता मालूमावशींना नळावर आलेली मैना दिसली. त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुढचं काही मैनाने विचारलंच नाही. आई तापाने फणफणलेली, चूल थंडगार. त्यात कॉलेजची प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली. इंग्रजीच्या शब्दांनी दगा दिला, तर आईच्या जागी वीटभट्टीवर विटा वाहायच्या.

ती थेट बागेत शिरली. अहाहा! निळ्या, केशरी, मोरपंखी कळ्या इवल्या इवल्या दिव्यांसारख्या लुकलुकत होत्या. दवाचा मुकुट घातलेली चिमुकली परी म्हणाली, "ये गं बाळे. हवा तो शब्द खुड. पण जो खुडशील, त्याचा अर्थ तुला भोगावा लागेल."

मैनाने केशरी कळी खुडली. तळहात ओरबाडून रक्त आलं आणि 'लॅसरेट' हा शब्द तिचा झाला. निळी खुडली, तशा मैत्रिणी बोलेनाशा झाल्या. 'सॉलिट्यूड' मिळाला. 'फॅमिश्ड'ची कळी मात्र आपणहून ओंजळीत पडली.

"भूक तर तुला येतेच," परी हळूच म्हणाली.

दिवसामागून दिवस मैना खुडत राहिली, सोसत राहिली. शेवटी एक काळी कळी उरली.

"ही कोणती गं?"

"बिरीव्ह्ड. जिवाभावाचं माणूस मेलं, की मागे उरतो तो."

मैनाने हात मागे घेतला. "मग राहू दे."

"हा शब्द परीक्षेत येणार आहे, बाळे. जागा हुकेल."

"हुकू दे! विटा वाहीन मी. पण घरी गेल्यावर आई पाहिजे मला."

परीचे डोळे भरले. "आजवर ही कळी कुणी सोडली नव्हती." तिचा एक आसू ओघळला, काळी कळी मोगऱ्यासारखी पांढरीशुभ्र झाली आणि मैनाच्या ओंजळीत पडली. सगळी बाग उजळली. त्या लख्ख उजेडात परी विरघळून गेली.

घरी येऊन ती ओली कळी आईच्या कपाळावर ठेवताच तिचा ताप उतरला. "पोरी, भात टाक गं," ती क्षीण आवाजात म्हणाली.

परीक्षेत तो शब्द आलाच. अर्थ ठाऊक असूनही मैनाने ती जागा कोरी ठेवली; तो शब्द तिने खुडलाच नव्हता. कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं, अगदी शेवटी.

मालूमावशी धावतच आल्या. "खरं सांग मैने, घरातलं माणूस मागते ना गं ती?"

"मागते, मावशी," मैना म्हणाली. "पण नाही म्हटलं, की ऐकते."