राखेची करवंटी

फार पूर्वी, समुद्रापासून थोडं आत, एका डोंगरउतारावर काजूची एक बाग होती. बागेत एक म्हातारी एकटीच राहायची. गावात तिला सगळे अनशीकाकी म्हणत.

नवरा गेलेला, लेकी दूर सासरी. काकी बोलायची ती कोंबड्यांशी, आणि कोंबड्यांशी माणूस बोलून बोलून किती बोलणार हो! काजू पिकले की मात्र गावातल्या बाया वेचणीला यायच्या. महिनाभर नुसतं हसणं, खिदळणं आणि एकमेकींची उणीदुणी. त्या एका महिन्याच्या जिवावर काकी उरलेले अकरा काढायची.

एका वर्षी वेचणी संपवून निघताना बाया म्हणाल्या, "काकी, तुझ्या झाडांवरच्या तांबड्या मुंग्या फार चावतात गं. अंगाची नुसती आग होते. त्यांचं काहीतरी कर, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही येत नाही."

मुंग्या होत्या खऱ्या. पानाला पान जोडून त्यांनी झाडाझाडावर घरटी बांधली होती. पण बाया आल्याच नाहीत तर? पाऊस सरताच काकीनं लांब काठीला सुक्या झावळ्यांची चूड बांधली, पेटवली आणि एकूण एक घरटं जाळून टाकलं.

थंडीत झाडं मोहरली. काकी खूश! पण मागोमाग ढेकण्या आला. दिसायला डासासारखा हा किडा कोवळ्या मोहरात सोंड खुपसून रस पितो. पंधरा दिवसांत सगळा मोहर काळा पडून वाळला.

बाया मात्र बोलल्याप्रमाणे टोपल्या घेऊन आल्या. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं.

"काकी, वेचायचं काय?"

बाया आल्या पावली परत गेल्या. काकी दिवसभर पायरीवर बसून राहिली. आता तिच्या अंगावर साधी मुंगीही चढत नव्हती.

त्याच बाया आता ओहोळापलीकडच्या बागेत वेचणीला जायच्या आणि तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी काकीला ते सोसवेना. इतक्या वर्षांत कधी गेली नव्हती, ती ओहोळ ओलांडून त्या बागवाल्याकडे गेली. त्याची झाडं काजूंनी लगडली होती.

"तुझ्याकडे मुंग्या नाहीत वाटतं?"

"आहेत की! त्याच तर ढेकण्याला मोहराजवळ फिरकू देत नाहीत."

"मग या बायांना चावत नाहीत?"

"हातापायाला राख चोळली की चढत नाहीत, काकी. ती बघ, फाटकाशी करवंटी भरून ठेवलीय."

काकीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! माझ्या चुलीत रोज ढीगभर राख पडते रे."

"मग एकदा विचारायचंस ना!"

त्यानं मुंग्यांची दोन घरटी फांदीसकट पोत्यात घालून तिला दिली. ती झाडावर टांगताना एक मुंगी काकीच्या बोटाला कडकडून चावली.

"चाव गं बाई चाव," काकी म्हणाली, "माझ्या कर्माचीच फळं ही." आणि तिनं मुंगीला झटकलं नाही.

वर्ष सरलं. मोहर टिकला, काजू धरले. काकी रोज सकाळी पायरीवर राखेची करवंटी भरून ठेवायची आणि वाटेकडे बघत बसायची. कुणी येईना. आठव्या दिवशी फाटक कुरकुरलं आणि टोपल्या घेऊन बाया आत आल्या.

"काकी, राख कुठं ठेवलीस गं?"

काकीनं आधी पदरानं डोळे पुसले आणि मग ओरडली, "डोळे फुटले का तुमचे? ती काय, पायरीवर!"

तात्पर्य: चार माणसं घरी यावीत म्हणून आपल्या राखणदाराच्या जिवावर उठू नये, त्याचा चावा कसा टाळायचा, ते आधी शेजाऱ्याला विचारावं.