दार लावून भरलेला बाजार

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते आणि राजांची गलबते होती. समुद्रकाठच्या एका राज्यातल्या विद्यापीठात एक गुरुजी परदेशी खलाशांची भाषा शिकवत. पद्धत पिढीजात होती: गुरुजींनी पाठ म्हणायचा, शिष्यांनी घोकायचा. शिष्यांना शेकडो पाठ येत, पण खरा खलाशी समोर आला की त्यांची बोबडी वळे.

गुरुजींना हे सलत होते. एके दिवशी त्यांनी पोथी मिटली आणि वर्गातच बाजार मांडला. कोणी वांगी आणली, कोणी बांगड्या. त्या परक्या भाषेत घासाघीस सुरू झाली. चुका ढिगाने होत, पण मुले बोलू लागली. आनंद व्हायचा सोडून गुरुजींना घाम फुटला. शेजारच्या वर्गातले काय म्हणतील? त्यांनी दार लावून घेतले, खिडक्यांना गोणपाट लावले. भ्यालेल्या माणसाला आपले चांगले कामही चोरीसारखे वाटते.

तशात दवंडी पिटली गेली: राजाचा परीक्षक येणार, ज्याचे शिकवणे त्याला पटणार नाही, त्याचा वर्ग बंद.

गुरुजी सल्ला विचारायला विद्यापीठातल्या वृद्ध आचार्यांकडे गेले. "परीक्षकाला शिस्त लागते हो," आचार्य म्हणाले. "नवं काही दाखवायला जाल आणि आहे तेही घालवून बसाल."

परीक्षक आला त्या सकाळी वांगी-बांगड्या माळ्यावर गेल्या. "आज कोणी आपल्या मनाने बोलायचं नाही," गुरुजींनी बजावले. मुलांनी एका सुरात पाठ म्हटला. एकही चूक नाही. गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

परीक्षकासोबत एक म्हातारा परदेशी खलाशी होता. त्याने आपल्या भाषेत सहज विचारले, "बाळांनो, गावात लिंबं कुठे मिळतील?"

मुले गुरुजींकडे पाहू लागली आणि गुरुजी जमिनीकडे. शेवटी एकाने उठून पुढचा पाठ म्हणायला सुरुवात केली.

"राजाला गलबतांवर दुभाषे हवेत," परीक्षक उठत म्हणाला. "इथं बोलणारं कोणी दिसत नाही."

त्याच दिवशी वर्ग बंद झाला. सगळे पांगल्यावर एक मुलगी गुरुजींजवळ आली.

"गुरुजी, मला त्या खलाशाचं बोलणं कळलं होतं. सांगताही आलं असतं. पण आज बोलायचं नव्हतं ना?"

गुरुजींना मान वर करवली नाही.

तात्पर्य: चांगले काम भीतीपोटी झाकून ठेवले, तर गरजेच्या वेळी ते असून नसल्यासारखे होते.