सातवी होडी

खाडीकाठच्या एका गावात एक बांगी राहत होता. मशिदीच्या मनोऱ्यावर चढून दिवसातून पाच वेळा बांग द्यायची, हे त्याचं काम. आवाज असा भरदार, की पहाटे धुकं पडलं म्हणजे समुद्रावरून परतणारे मच्छीमार त्या आवाजावरच होड्या आणत. खाडीच्या तोंडाशी काळे खडक होते. बांग नाकासमोरून आली तर वाट बरोबर, एका कानाकडून आली तर खडक जवळ, असा त्यांचा ठोकताळा.

एका हिवाळ्यात सात होड्या समुद्रावर गेल्या. सातवीत बांगीचा एकुलता एक मुलगा होता. पहाटे धुकं दाटलं. बांगीने घसा फुटेस्तोवर बांग दिली, पण मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी वाळूत होडीची एक फळी सापडली. तिला दिलेला हिरवा रंग अजून नवा होता.

लोक भेटायला आले. "सबर करा," म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. दुसऱ्याच्या दुःखात सबर सांगायला काय लागतं!

बांगीने मनोऱ्याची किल्ली मौलवीसाहेबांपुढे ठेवली. "अल्लाहची थोरवी मी जन्मभर या गावाला ओरडून सांगितली. त्याच्याकडे मागितलं ते एकदाच. आता माझ्याच्याने होणार नाही."

मौलवीसाहेबांनी किल्ली खिशात ठेवली. ते म्हातारे, पायऱ्या चढवेनात. ते खालच्या अंगणातूनच बांग देऊ लागले. ती जेमतेम बाजारापर्यंत पोहोचे.

महिनाभराने एका पहाटे पुन्हा धुकं उतरलं. सहा होड्या समुद्रावर होत्या. शेजारीण धावत बांगीच्या दारात आली. तिचा नवरा आणि भाऊ एकाच होडीत होते.

"चाचा, वर चढा! बांगेची वेळ झालीय."

"मौलवीसाहेब देतील."

"त्यांची बांग आमच्या कोंबड्यांना ऐकू येत नाही, दर्यावर कुठून जाणार?"

"माझी गेली होती ना दर्यावर? काय झालं?"

"म्हणजे तुमचा गेला, तर आता आमचेही जाऊ देत?" बोलून गेली आणि तिने पदर तोंडात कोंबला.

बांगी भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हा आतून त्याची बायको आली. महिनाभर ती फारसं बोललीच नव्हती.

"त्या दिवशी बाकीच्या सहा होड्या कशा आल्या, कधी विचारलंत कुणाला?"

ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"तुमच्या बांगेवर आल्या. आपला तेवढा अल्लाहने ठेवून घेतला. का, ते मला कळत नाही. रोज नमाजात विचारते, रडते. पण उठून जाऊ कुठे? दुसरं दार आहे का आपल्याला?"

बांगी उठला आणि मशिदीकडे गेला. मौलवीसाहेब अंगणातच उभे होते. त्यांनी किल्ली पुढे केली. महिनाभर ती त्यांनी खिशातच बाळगली होती.

मनोऱ्यावरून काहीच दिसत नव्हतं. "अल्लाहू अकबर" म्हणताना त्याचा आवाज चिरकला. "या, कल्याणाकडे या" या अर्थाच्या शब्दांपाशी तर तो अडलाच. हीच हाक त्याने मुलालाही मारली होती. मग तो आवाज पुन्हा उठला, ओला, फाटका, पण उंच. एकेक शब्द लांबवत त्याने बांग पुरी केली.

धुक्यात वल्हं वाजलं. एक होडी आली. मग दुसरी. शेजारणीचा नवरा आणि भाऊ चौथ्या होडीतून उतरले. बांगी वरून वल्ह्यांच्या आवाजावर मोजत होता. पाच. सहा.

सहावी वाळूला लागली, तरी तो उतरला नाही. खाली आला तेव्हा धुकं विरलं होतं. बायको पायरीशी उभी होती.

"सहा," तो म्हणाला.

"अल्हम्दुलिल्लाह," तिने अल्लाहचे आभार मानले, आणि दोघंही तिथेच बसून रडली.

त्यानंतर त्याची एकही बांग चुकली नाही. फक्त पहाटेची बांग झाली, की तो खाडीच्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राही आणि मगच खाली उतरे.

तात्पर्य: अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्यालाही रडू येतं, प्रश्न पडतात, पण रडता रडताही तो त्याचं दार सोडत नाही, आणि ज्यांना आपली गरज आहे त्यांनाही सोडत नाही.