ठमा सुईणीचे दोन झरोके

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका, सांगणाऱ्यांनाही ठाऊक नाही. डोंगरात भोवरखिंड नावाचं गाव होतं आणि तिथे ठमा नावाची सुईण होती. तिच्या हातून आडवं आलेलं मूलही हसत बाहेर यायचं, असं म्हणतात.

पण एका साली थंडी अशी पडली की घागरीतलं पाणी गोठलं. त्या थंडीत ठमाने सुखरूप सोडवलेल्या दोन बाळंतिणी पाचव्या दिवशी बाजेवरच गेल्या. गाव म्हणालं, सटवीने नेल्या. ठमाला ते काही केल्या पटेना. तिला घास गोड लागेना.

तिसरी बाळंतीण गोजरा. पाचव्या दिवशी दुपारी ठमा तिला न्हाऊ घालायला आली, तर खोलीत काळोख. वारा लागू नये म्हणून सासू हौसाबाईने खिडकी चिखलाने लिंपली होती, दाराला गोधडी लावली होती. बाजेखालची शेगडी गोवऱ्यांनी खच्चून भरलेली, तरी खोली गारच. धुराने डोळे उघडेनात. गोजरा हाकेला ओ देईना आणि कुशीतलं लेकरू रडायचंही विसरलं होतं.

ठमाने दार उघडलं. हौसाबाईने लावलं.

"ठमाबाय, पोरीला वारा लागंल," असं म्हणून तिने आणखी चार गोवऱ्या शेगडीत कोंबल्या. होती नव्हती ती धगही गेली.

ठमाने फुंकणी घेऊन फुंकर घातली. भस्सकन जाळ झाला. फुंकर थांबली, जाळ विझला. ठमाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अगं हौसा, ह्या इस्तवाला गवरी नको, वारा पायजे. उपाशी इस्तू धूर ओकतोय, अन् त्यो धूर तुझ्या सुनेच्या उरात चाललाय."

"दार उघडायचं न्हाई."

"ऱ्हाऊ दे दार. ते तू परत लावशील." आणि ठमाने कोपऱ्यात टेकवलेली पहार उचलली.

साठीची बाई, पण हातभर जाड भिंतीला तिने एका घावात जमिनीलगत भोक पाडलं आणि दुसऱ्या घावात वर, आढ्याजवळ, असं म्हणतात. आणि काय सांगू! खिंडीतला वारा खालून शिरला, शेगडीत घुसला, गोवऱ्या लालभडक झाल्या. कोंडलेला धूर वरून असा सुटला, की पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्यांनी गाव पेटलं म्हणून हाकाट्या मारल्या. वारा आत आला आणि खोली उबदार झाली! निम्म्या गोवऱ्या काढल्या तरी ऊब हटेना. आधी लेकरू रडलं, मग गोजरा खोकली, आणि दारात जमलेलं सगळं गाव आनंदाने रडू लागलं.

"सटवी पळाली," कोणीतरी म्हणालं.

"सटवी कसली," ठमा खेकसली, "आपुनच दारं लावून मारल्या की त्या दोघी."

हौसाबाईने उठून दाराची गोधडी ओढून काढली.

आजही भोवरखिंडीत बाळंतिणीच्या खोलीला दोन झरोके असतात, एक खाली, एक वर. शेगडी आत नेण्याआधी सासू खालच्या झरोक्यासमोर बसते आणि ओला तळहात धरते. हाताला वारा लागला की ती म्हणते, "ठमाबाय, आत ये." मगच गोवरी पेटते.