खरा काळा रंग

वस्तू बोलत असत आणि माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळातली ही गोष्ट.

वच्छलाबाईंच्या घरी पिक्चर ट्यूबचा जाडजूड टीव्ही होता. बाईंनी त्याच्यावर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला होता. एकदा त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "निरंजन, चित्र धूसर दिसतंय रे."

टीव्हीने जीव तोडून चित्र उजळलं. तरी निरंजनने त्याला कोपऱ्यात सरकवलं आणि भिंतीवर सडपातळ एलईडी टीव्ही टांगला. काही महिन्यांनी बाई म्हणाल्या, "हाही धूसरच."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या टीव्हीला सगळं दिसत होतं. बाई आता चहाचा कपसुद्धा चाचपडत उचलायच्या.

"अरे, खोट आपल्यात नाही! बाईंची नजर चाललीय!" तो ओरडला.

"आजोबा," एलईडी म्हणाला, "आपलं काम दाखवायचं. बघायचं नाही."

निरंजनची आईवर माया होती. त्याने दुकानं पालथी घातली, पडद्याला पडदा लावून पाहिला. आणखी चांगला टीव्ही बाजारात येतोय म्हटल्यावर वर्षभर थांबला. आईच्या डोळ्यांत मात्र एकदाही डोकावला नाही.

शेवटी दिवाळीला नवाकोरा ओएलईडी टीव्ही आला. "यात काळा रंग अगदी खरा काळा दिसतो, आई," असं म्हणत निरंजनने तिला समोर बसवलं. "सांग, कसं दिसतंय?"

म्हाताऱ्या टीव्हीने रुमालाखाली श्वास रोखला.

बाईंनी बराच वेळ डोळे ताणले. मग, पोराचा हिरमोड नको म्हणून हसल्या. "छान रे. काळं अगदी खरं काळं दिसतंय."

पडद्यावर तेव्हा भर उन्हात सूर्यफुलांचं शेत डोलत होतं.