धूर नसलेलं घर

देवटाक्याच्या डोंगरावर त्या वर्षी थंडी अशी पडली, की रांजणातल्या पाण्यावर पातळ बर्फ धरलं. त्यात सरपण महागलेलं. म्हणून भानोजीराजांनी सरकारी कोठारातलं जळण गरिबांना फुकट वाटायचं जाहीर केलं. पण राजा मोठा हिशेबी! खरी गरज असेल त्यालाच द्यायचं, असं त्याने दिवाणजींना बजावलं.

दिवाणजी गल्लोगल्ली फिरले. ज्या घरातून धूर निघे, त्यांना म्हणत, तुमच्याकडे आहे की जळण. जिथून निघत नसे, त्यांना म्हणत, तुमचं जळणावाचून भागतंय की. कोठारातली एक ढलपीसुद्धा हलली नाही.

हौसा राजाच्या न्हाणीघरात पाणी तापवायची. शेजारची बाळंतीण तान्ह्याला पदरात गुंडाळून थंड चुलीपुढे बसलेली तिने पाहिली, तेव्हा तिला राहवेना. तडक राजापुढे जाऊन तिने सगळं सांगितलं.

राजा मिशीत हसला. "नियम चोख आहे, हौसा. धूर निघत नाही आणि तरी जळणावाचून चालतच नाही, असं एक घर दाखव. मग सगळ्यांना वाटतो."

हौसाने जरा विचार केला. "उद्या सकाळी दाखवते, महाराज. दिवाणजींना तेवढं इथे थांबायला सांगा."

दुसऱ्या दिवशी राजा अंगभर उटणं चोळून पाटावर बसला, डोळे मिटले आणि घंगाळातून तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. पुढच्याच क्षणी तो पाटावरून उडाला.

"अगं, हे तर बर्फ आहे!"

"चूल पेटवलीच नाही, महाराज," दाराआडून हौसा म्हणाली. "म्हटलं, बघावं, जळणावाचून भागतंय का."

"भागतंय कसलं! गारठून मरेन मी. आधी लाकडं आण, लाकडं!"

हौसा अंगणाकडे वळली. तिथे दिवाणजी शालीत हात खुपसून उभे होते.

"दिवाणजी, घर सापडलं बरं का. धुराचा पत्ता नाही, आणि मालक लाकडांसाठी हाका मारताहेत."

आत क्षणभर नुसते दात वाजल्याचे आवाज आले. मग राजा असा खो खो हसला, की पहारेकरी धावत आले.

दुपारी कोठार उघडलं. पहिली मोळी बाळंतिणीच्या दारात पडली. राजाने हौसाला जरीची शाल दिली आणि वाटपाचं काम तिच्याच हाती सोपवलं. मग न्हाणीघरातली चूल कोण पेटवणार? थंडी सरेपर्यंत ती दिवाणजींनी फुंकली.