मुकादमाची गोणी

हे कुणाला सांगू नकोस, असं आईने बजावलं होतं, तरी लिहिते.

आई गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये अकरा वर्षं फुलं तोडते. जुने मुकादम गाव सोडून गेले, तेव्हा तिने त्यांची जागा मागितली. नलावडे मालक सगळ्यांदेखत हसले. खताच्या पन्नास किलोच्या गोणीवर हात ठेवून म्हणाले, "कांचनबाई, मुकादमाला ही उचलता आली पाहिजे. बाईमाणसाचं काम नाही ते."

आई हळूच म्हणाली, "बरोबर आहे, मालक. मुकादमाला एक, म्हणजे मालकाला दोन तरी असतील. अजून एक आणू का तुमच्यासाठी?"

गडीसुद्धा तोंड फिरवून हसले. मालकांनी पोटावरचा पट्टा सावरला आणि ते म्हणाले, "बरं, उद्यापासून तुम्हीच बघा."

आई मुकादम झाली. पण आता दुपारी तिला बघून बायका गप्प होतात आणि ती डबा एकटीच खाते. रविवारी मी तिच्याशेजारी जाऊन बसले. आम्ही दोघी जेवत होतो. तेवढ्यात वत्सलामावशी त्या बायकांमधून उठल्या, डबा घेऊन आमच्याकडे आल्या आणि आईला... थांबा, आई हाक मारतेय. आले गं!